अट सोडून काढलेलं उत्तर

पुणे
रविवार, १८ जानेवारी १९८७

ती. रामकिसनदादास,

सत्यभामेचा नमस्कार. थंडी ओसरली, माझा खोकला गेला. माय आणि रतनवहिनी बऱ्या असतील असं मीच धरून चालते, कारण तुझ्या पत्रात दोघींबद्दल एक ओळ नाही. सगळं पत्र तलावावरच्या पाणी सोसायटीच्या सभेनं भरलंय.

निकाल विचारलास. बाकीच्या विषयांत ठीक आहे. गणिती अर्थशास्त्रात पहिल्या सत्रात नापास झाले. हे तुला कळवणार नव्हते. पण तू भर सभेत माझ्या गणिताचे गोडवे गायलेस असं तूच लिहितोस, तेव्हा ज्या गणिताच्या जोरावर तू सभा जिंकलीस त्यात तुझी बहीण नापास आहे हे तुला माहीत असावं.

इथल्या वर्गात बहुतेक जण बी.ए.ला गणित घेऊन आलेत. मी अंबाजोगाईला इतिहास घेतला होता. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक वक्र काढला, त्याच्या माथ्याला आडवी रेघ टेकवली आणि म्हणाल्या, "इथे उतार शून्य, म्हणून इथे कमाल." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. निकालानंतर बाईंनी खोलीत बोलावलं. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "विषय बदला, नाहीतर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसा. लाज वाटेल. पण तिसरा मार्ग नाही." मी जाऊन बसले. तिथली पोरं मला आधी मास्तरीणच समजली.

या विषयाचं नाव लांबलचक आहे, पण तो आहे साधा. हातात जे आहे त्यातून जास्तीत जास्त कसं काढायचं, तेही घातलेल्या अटींच्या आत राहून. या अटींना इथे बंधनं म्हणतात. माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. प्रत्येक बंधनाला एक गुणक जोडायचा, तो का, हे काही केल्या डोक्यात शिरेना. मग एकदा मेसमध्ये बसले असताना गोठ्यातलं आपलं तांबडं वासरू डोळ्यांपुढे आलं. दाव्याला बांधलंय आणि कडब्याकडे ओढ घेतंय. जिथपर्यंत दावं जाऊ देईल तिथपर्यंत त्याची धाव. दाव्याला किती ताण बसलाय, ते तो गुणक सांगतो. वासरू कडब्याला तोंड लावून दावं सैल पडलेलं असेल, तर गुणक शून्य. मी जेवण टाकून उठले आणि वर जाऊन अडलेली सगळी उदाहरणं सोडवली. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे वासरू आता परीक्षेपर्यंत सोडू नका." एवढीच या सत्रातली सुखाची गोष्ट.

आता तुझ्या पत्राकडे वळते.

तू लिहितोस, "तुझ्या गणितानं सभा जिंकली. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या बहिणीनं सिद्ध करून दाखवलंय की ऊसच सगळ्यात फायद्याचा, असं सांगितल्यावर कुणी ब्र काढला नाही." हे वाचून मैत्रिणीसमोर माझं तोंड कसं झालं असेल ते तुला कळायचं नाही.

दिवाळीत ओसरीवर आपलं काय बोलणं झालं ते तू विसरला असशील तर मी लिहून देते. तू म्हणालास, "तलाव तळाला गेलाय. उन्हाळ्यापतूर पानी पुरवायचं हाय. सगळ्यात जास्त फायदा कसा निघंल ते सांग."

मी विचारलं, "कुणाचा फायदा?"

"सोसायटीचा. आनखी कुणाचा?"

"आधी अटी सांग. पाणी किती उरलंय, हौदाला किती लागतं."

"हौदाचं राहू दे बाजूला."

"बाजूला कसं राहील? म्हाळूमामाची धनगरवस्ती त्या हौदावर आहे. माणसं आणि मेंढरं दोन्ही. अट सोडून काढलेलं उत्तर हे उत्तरच नसतं, दादा."

"बरं, तू मांड तर खरं."

मी मांडलं. आधी हौद, मग उरलेलं पाणी. आणि त्या उरलेल्या पाण्याबद्दल मी काय म्हणाले? एकराला पाहिलं तर ऊस जास्त देतो. पाण्याला पाहिलं तर ज्वारी आणि हरभरा जास्त देतात. आपल्याकडे टंचाई जमिनीची नाही, पाण्याची आहे. म्हणून उसाची नवी लागण करू नये. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी हेच दुसऱ्यांदा सांगत होते, त्यांना विचार.

यातलं "एकराला ऊस जास्त देतो" एवढंच तू उचललंस आणि त्यापुढे माझं नाव लावलंस. मी रागावले आहे असं मोघम लिहून तुला सुटू देणार नाही. तू माझ्या तोंडी खोटं घातलंस. मी तिथे असते तर उठून तुला अडवलं असतं, आणि मी तिथे नाही म्हणूनच तू ते बोललास.

सभेत हौदाबद्दल काय ठरलं, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. एवढ्या मोठ्या पत्रात नाही. मला फक्त एवढंच कळव. वस्तीवरचा हौद चालू आहे का? हो की नाही, पोस्टकार्डावर लिही, मला पुरेल.

मायला सांग, तिनं दिलेली गोधडी उबदार आहे.

तुझी,
सत्यभामा



पुणे
रविवार, २९ मार्च १९८७

ती. दादास,

डिंकाचे लाडू पोचले. चांगले झालेत असं मैत्रिणी म्हणतात. मी खाल्ले नाहीत. मी पोस्टकार्ड मागितलं होतं, तू डबा धाडलास.

इथे ऊन वाढलंय. परीक्षा जवळ आली. एकाच पत्रात सगळं लिहायचं ठरवून बसले, पण हात सारखा अभ्यासाच्या गोष्टींकडे जातो, म्हणून आधी तेच लिहिते. सध्या कमाल-किमान टोकांचा धडा चाललाय. उभं आहोत तिथून चारी बाजूंनी उतार दिसला की माणसाला वाटतं, हेच शिखर. धुकं असलं म्हणजे तर खात्रीच पटते. पलीकडे याहून उंच डोंगर असू शकतो, हे तिथं उभं राहून कळत नाही. त्यासाठी सगळा मुलूख तपासावा लागतो. बाईंनी हे शिकवताना माझ्याकडे पाहिलं नाही, तरी मला वाटलं त्या तुझ्याबद्दल बोलताहेत. आजकाल मला सगळ्याच धड्यांत तू दिसतोस आणि माझी वही खराब होते.

गेल्या आठवड्यात मी वर्ग बुडवले. का ते सांगते.

वसतिगृहाच्या फाटकावरून निरोप आला, गावाकडचा माणूस भेटायला आलाय. खाली गेले तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक जण झाडाखाली उकिडवा बसलेला. जवळ गेल्यावर ओळखलं. आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीवरचा बंकट. तू त्याला कामावरून काढलंस असं मला वाटलं. तो म्हणाला, "न्हाई बाई, मीच सोडलं. हितं बांधकामावर आलोय. तुमाला एकदा इचारावं म्हून आलतो."

"काय विचारायचंय?"

"तुमी खरंच आसं सांगितलं का, की हौदाचं पानी बंद करा म्हून?"

मी त्याला म्हणाले, मी असं कधीही सांगितलेलं नाही. त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला. मग म्हणाला, "मला वाटलंच. पर रामकिसनरावांनी चावी हातात घिऊन सांगितलं, सत्यभामाचा हिशोब हाय, हौदात पानी टाकनं म्हंजी वाया घालवनं. म्या व्हॉल्व फिरवला. कुलूप त्यांनी लावलं."

पुढचं त्यानं मला उभ्या उभ्याच सांगितलं. हौद कोरडा पडल्यावर वस्तीवरच्या बाया नाल्यातल्या जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या. वरून पोहरा टाकून काही येईना, म्हणून आत उतरून वाटीनं झरा भरायच्या. म्हाळूमामांच्या घरच्या साखरामावशी आत असताना काठ ढासळला. दगड त्यांच्या पायावर आला.

तुला हे सगळं माहीत आहे. लाडवांचा डबा बांधलास तेव्हाही माहीत होतं. तरी लिहिते, कारण मला ते तुझ्याकडून कळलं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाकडून कळलं.

त्याच संध्याकाळच्या एसटीत बसून मी अंबाजोगाईला गेले. घरापासून इतक्या जवळ येऊन मी घरी आले नाही. हे मायला सांगू नकोस, किंवा सांग. मला तुझ्या ओसरीवर चढायचं नव्हतं.

दवाखान्यात साखरामावशी खिडकीखालच्या खाटेवर होत्या. अंगावरच्या चादरीचा आकार बघूनच मला कळलं. एका गुडघ्याच्या खाली चादर सपाट होती. शाळेत असताना आपल्या शेतावरून येताना मी त्यांच्या पालावर थांबायची आणि त्या मला मेंढीच्या दुधाचा खरवस द्यायच्या. ज्या बाईनं उभ्या जन्मात एका जागी बसून काही काम केलं नाही, मेंढरांमागे चालण्यात जिचं आयुष्य गेलं, ती तिथे पडून होती.

अंजना खाटेच्या पायथ्याशी बसली होती. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मला बघून ती उठली नाही.

"तू कावून आलीस?" एवढंच म्हणाली.

"मला कालच कळलं, अंजना."

"तुपलं गणित बरूबर आलं म्हनं. समद्या गावात तेच चाललंय. सत्यभामानं पुन्याहून हिशोब धाडला, धनगराच्या मेंढरास्नी पाजन्यात तोटा हाय म्हून."

मी काही बोलायच्या आत साखरामावशींनी डोळे उघडले. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "पोरी, तूच म्हणलीस व्हय? न्हाई म्हन, म्हंजी बास."

"मी न्हाई म्हणले, मावशी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अंजनानं ठेवला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. अध्यक्ष माझा भाऊ, गणित माझ्या नावावर, आणि पाय तिच्या आईचा.

तू जीप दिलीस हे म्हाळूमामांनी सांगितलं. तुझ्याबद्दल वाईट बोलायला त्यांची जीभ अजून वळत नाही. "रामकिसनरावांनी तातडीनं जीप दिली, तवा जीव वाचला," असं ते मला दोनदा म्हणाले. जीप दिलीस ते बरं केलंस. पण व्हॉल्वचं कुलूप तेव्हाही काढलं नाहीस. मावशींना जीपमधून नेलं त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या नव्या लागणीत पाणी चालू होतं. हे बंकटनं सांगितलं. त्यानं काम सोडलं ते दुसऱ्या दिवशी.

नवी लागण कशासाठी, हेही आता कळलं. कारखान्याची निवडणूक आहे आणि तुला संचालक व्हायचंय. दुष्काळातही मी ऊस घालतो, हे तुला कारखान्यावर दाखवायचंय. मग तसं सांगायचं होतंस. "मला खुर्ची पाहिजे, म्हणून हौद बंद" असं सभेत उभं राहून म्हणायचं होतंस. लोकांनी शिव्या दिल्या असत्या किंवा टाळ्या वाजवल्या असत्या, पण ते तुझं बोलणं असतं. त्याऐवजी तू माझ्या शिक्षणाचा बुरखा घेतलास. गावातल्या लोकांना गणित कळत नाही आणि ज्याला गणित कळत नाही तो गप्प बसतो, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. मी त्या वर्गात मान हलवत बसत होते, तशी तू सगळ्या सभेला मान हलवायला लावलीस.

आता नीट वाच. अण्णांनी सोसायटी काढली तेव्हा एक हिस्सा लेकीच्या, म्हणजे माझ्या नावानं घेतला होता. मी सभासद आहे. पुरेशा सभासदांनी मागणी केली तर अध्यक्षाला विशेष सभा बोलवावी लागते. मागणी तुझ्याकडे पोचेल. तिच्यावर कुणाकुणाच्या सह्या आहेत हे तू बघशील, आणि त्या लोकांना त्रास दिलास तर मी सहकार खात्याच्या मोठ्या साहेबाकडे जाईन.

परीक्षा संपली की येते. घरी नाही, सभेला.

सत्यभामा सुंदरराव



पुणे
रविवार, २४ मे १९८७

रामकिसनदादा,

सभा होऊन इतके दिवस झाले तरी तू कुणाशी नीट बोलत नाहीस, असं वहिनींनी कळवलंय. जेवतोस आणि मळ्यात जातोस. माझंही तसंच आहे. मी जेवते आणि वाचनालयात जाते. फरक एवढाच की माझ्याकडे कागद आहे, म्हणून लिहिते.

सभेत जे झालं ते गावभर वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं जातंय म्हणे. बहिणीनं भावाची अब्रू काढली, पुण्याचं वारं लागलं, धनगरांनी पढवून आणलं. तू तिथे होतास. तुझ्यापाशी तरी ते जसं झालं तसं राहावं, म्हणून मी माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

शाळेच्या मैदानात मांडव होता. तू टेबलामागे बसला होतास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "ज्यांनी सभा मागितली त्यांनी बोलावं." मी शाळेचा फळा बाहेर मागवला. पंडितकाका पहिल्या रांगेतूनच म्हणाले, "पोरी, तुपलं शिक्षान रामकिसनानं केलं. त्याच्याच विरोधात उभी ऱ्हातीस?"

मी म्हणाले, "हो काका. त्यानं शिकवलं म्हणूनच उभी राहता येतंय."

मग मी वासराचं सांगितलं. खुंटा, दावं आणि कडबा. आकडे मुद्दाम नाही घातले. लोकांना ते लगेच कळलं, कारण त्यात न कळण्यासारखं काही नव्हतंच. मी म्हणाले, सोसायटीच्या पाण्याला एक दावं आहे, वस्तीवरच्या हौदाचं. अध्यक्षांनी ते कापलं. आता मला एवढंच सांगू द्या, की ते कापून किती कडबा जास्त मिळाला.

तेव्हा तू उठलास. "संस्था सभासदांची हाय," तू म्हणालास. "वस्तीवरचं कुणी सभासद न्हाई. त्यांची जमीन पाटाखाली न्हाई. सभासद नसलेल्यांना संस्थेनं पानी कावून द्यावं? कायद्यात दाखीव."

खरं सांगते, मी हातातला खडू खाली ठेवला. कारण गणितात तुझं म्हणणं बसतं. ज्याचा फायदा मांडणीतच धरला नाही, त्याच्या तहानेला किंमत शून्य येते. सूत्र काही बोलत नाही, आपण जे घालू तेच ते परत देतं. वर्षभर मी हे शिकले आणि तुझ्या तोंडून ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

मी म्हणाले, "कायद्यात नाही. हौद अण्णांनी बांधला तेव्हाही कायद्यात नव्हता. मोटार बसवली त्याच साली बांधला. इथे बसलेल्या कितीतरी जणांनी त्याच्या पायाचे दगड वाहिलेत. तुम्हाला तेव्हा कुणी कायदा विचारला होता का?" मी फळ्याकडे वळले. "आता त्या दाव्याचा ताण सांगते. हौदाला लागणारं सगळं पाणी उसाला दिलं, तर किती ऊस जास्त जगतो ते मी काढलंय. आमच्या मळ्यातला, विहिरीपासून चिंचेपर्यंतचा तुकडा. सगळ्यांना तो माहीत आहे. एवढाच. तेवढ्यासाठी हौद बंद झाला."

मागून कुणीतरी म्हणालं, "तेवढ्यासाठी व्हय?"

आणि तू चिडलास. "म्हंजी साखराबाईचा पाय म्या तोडला का?"

"नाही," मी म्हणाले. "तू कुलूप लावलंस. पण आज इथे तिचं नाव पहिल्यांदा तूच घेतलंस. मी घेतलं नव्हतं."

हे मी ठरवून बोलले नव्हते. ते झालं आणि तुझा चेहरा बदलला. तू खाली बसलास. ठरावसुद्धा मग दुसऱ्यांनी वाचला. आधी हौद, मग उभी पिकं, नवी लागण नाही. हात वर करायला सांगितल्यावर तू मोजायला उभा राहिलास. पुरुषांकडून मोजत मोजत भिंतीकडच्या बायांकडे आलास, आणि थांबलास. मायचा हात वर होता. अण्णांचा हिस्सा तिच्या नावावर आहे हे आपण दोघंही विसरलो होतो. ती तुझ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. पदर डोक्यावरून सरळ करून तिनं हात वर धरला होता आणि तू मोजेपर्यंत खाली घेतला नाही.

तिला मी काही सांगितलं नव्हतं, दादा. तुझी शपथ. सभेत काय मांडणार हेही तिला माहीत नव्हतं.

हौद दुसऱ्या दिवशी उघडला. कुलूप तू स्वतः काढलंस, म्हणतात. पण म्हाळूमामा तोवर कळप घेऊन गोदावरीच्या काठाला निघून गेले होते. तलावात आता हौदापुरतंच पाणी उरलंय. तुझी लागण वाळली. कारखान्याची उमेदवारी दुसऱ्याला मिळाली. मी जिंकले असं कुणी म्हणालं तर मला त्या माणसाचा राग येतो. जानेवारीत हौद उघडा राहिला असता, तर ज्वारीही आली असती, पायही राहिला असता आणि कदाचित तू संचालकही झाला असतास. सगळ्यांचं सगळं वाया गेलं. असं उत्तर कुठल्याही पुस्तकात चुकीचंच धरतात.

गणितात मी पास झाले. बाईंनी पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांची उदाहरणं सोडवून घ्यायचं काम देऊ केलंय. त्यात माझं भागेल. तू आता काही पाठवू नकोस.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. सभा संपल्यावर तू दिंद्रुडच्या थांब्यावर माझ्यामागं आलास. मला वाटलं भांडायला आलास. तू पिशवी माझ्या हातातून घेतलीस आणि एसटी येईपर्यंत धरून उभा राहिलास. मग म्हणालास, "तुला शिकिवलं ते याच्यासाठी?" मी गाडीत चढले. उत्तर दिलं नाही.

उत्तर आहे. अण्णा गेले तेव्हा चुलत्यांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं. तू त्यांच्या बैठकीत जाऊन म्हणालास, "सत्यभामा शिकंल. ज्याला जेवायला यायचंय त्यानं या, लगीन न्हाई." अंबाजोगाईच्या वसतिगृहात मला सोडताना, इथून पळून आलीस तर घरात घेणार नाही, असा दम दिलास आणि फाटकाबाहेर जाऊन डोळे पुसलेस. मी खिडकीतून पाहिलं होतं. सगळ्या तालुक्यात कुणाच्या भावानं एवढं केलेलं मला माहीत नाही. म्हणून तर राग जात नाही. दुसऱ्या कुणी माझं नाव असं वापरलं असतं, तर मी एक पत्र लिहून मोकळी झाले असते. तू वापरलंस. ज्यानं मला ते नाव मिळवून दिलं, त्यानंच ते विकलं. मला रात्रंदिवस तेच टोचतं आणि तुझ्यासाठी वाईटही वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून आणखी संताप येतो.

साखरामावशी घरी आल्यात. वस्तीवर त्या आणि अंजना दोघीच आहेत. तू अजून गेला नाहीस, असं वहिनी लिहितात. दोनदा वस्तीच्या वळणापर्यंत जाऊन परत आलास, हेही लिहितात.

जा. बरोबर पंडितकाका नकोत, जीप नको. चालत जा. हातात काही नेऊ नकोस. अंजना कदाचित तुला आत घेणार नाही, तरी उभा राहा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, या वेळी माझं नाव घ्यायचं नाही. तिथून परत आलास की मला लिही. त्याच्या आधी आलेलं तुझं पत्र मी फोडणार नाही, आणि त्याच्यानंतर आलेलं वर्गात असले तरी तिथेच फोडीन.

वाट बघणारी, आणि अजून रागावलेली,
तुझी बहीण
सत्यभामा